बेन रायली उर्फ स्कार्लेट स्पायडर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या पानावर कथेतली सगळी रहस्यं उघड केली आहेत. मालिका अजून वाचली नसेल, तर आधी खालचा ‘कुठून सुरुवात करावी?’ हा प्रश्न पाहा आणि बाकीचं नंतर वाचा. अंकांसोबत दिलेले महिने मुखपृष्ठावर छापलेले आहेत. अमेरिकेत अंक प्रत्यक्षात त्याच्या साधारण दोन महिने आधी दुकानात येत असे, त्यामुळे इतर याद्यांशी तारखा जुळल्या नाहीत तर गोंधळू नका.

बेन रायली म्हणजे नक्की कोण?

स्पायडर-मॅनचा, म्हणजे पीटर पार्करचा क्लोन. तेच शरीर, त्याच शक्ती, आणि पेशी घेतल्या त्या क्षणापर्यंतच्या पीटरच्या सगळ्या आठवणी त्याच्यात आहेत. ‘अमेझिंग स्पायडर-मॅन’च्या १४९व्या अंकात (ऑक्टोबर १९७५) तो पहिल्यांदा आला. लेखक गेरी कॉनवे, चित्रकार रॉस अँड्रू. त्या अंकात त्याला नाव नव्हतं आणि शेवटी तो मरतोही. १९ वर्षांनी मार्व्हलने त्याला परत आणलं तेव्हा तो बेन रायली झाला: ‘बेन’ हे पीटरला वाढवणाऱ्या बेनकाकांचं नाव, ‘रायली’ हे मेकाकूंचं माहेरचं आडनाव. ज्या दोघांनी प्रत्यक्षात त्याला कधी वाढवलंच नाही, त्यांचंच नाव त्याने स्वतःला लावलं. हा माणूस एवढ्यावरूनही बराचसा कळतो.

त्याला कोणी बनवलं आणि का?

माइल्स वॉरन या प्राध्यापकाने. वॉरन एम्पायर स्टेट विद्यापीठात जीवशास्त्र शिकवायचा. पीटर आणि त्याची प्रेयसी ग्वेन स्टेसी हे वॉरनचे विद्यार्थी, आणि ग्वेनवर त्याचं एकतर्फी, विकृत प्रेम होतं. जून १९७३च्या १२१व्या अंकात ग्रीन गॉब्लिन या खलनायकाने (खरं नाव नॉर्मन ऑसबॉर्न) ग्वेनला पुलावरून खाली फेकलं आणि ती मेली. वॉरनने त्याचा दोष स्पायडर-मॅनवर ठेवला. हिरवा मुखवटा चढवून तो ‘जॅकल’ झाला (१२९वा अंक, फेब्रुवारी १९७४, पनिशरही याच अंकात पहिल्यांदा येतो).

क्लोनिंगची कहाणी १४८व्या अंकात उलगडते. वॉरनचा सहायक अँथनी सेर्बा बेडकाचा क्लोन करण्यात यशस्वी झालेला असतो. वॉरन त्याच्याकडे विद्यार्थ्यांच्या पेशी सोपवतो. आपण माणसं वाढवतो आहोत हे लक्षात आल्यावर सेर्बा विरोध करतो आणि वॉरन त्याचा जीव घेतो. ग्वेनचा क्लोन वॉरनने स्वतःच्या वेडापायी केला. पीटरचा क्लोन मात्र त्याने सूड घेण्यासाठी केला, खऱ्या पीटरला त्याच्याशीच लढवण्यासाठी. दोघांच्या जन्मामागचे हे हेतू ध्यानात ठेवा. बेनच्या मनातली आपण फक्त कुणाचं तरी हत्यार आहोत ही भीती इथूनच सुरू होते.

पण १९७५मध्ये तो मेला होता ना?

वाचकांना आणि पीटरला तसंच वाटलं. शे स्टेडियमवर जॅकल दोन्ही स्पायडर-मॅनना समोरासमोर उभं करतो. पत्रकार नेड लीड्स बॉम्बजवळ बांधलेला असतो. दोघेही स्वतःला खरा समजून एकमेकांशी लढतात. ग्वेनचा क्लोन वॉरनला तोंडावर खुनी म्हणतो. वॉरनला पश्चात्ताप होतो, तो नेडला सोडवतो आणि स्फोटात सापडतो. एक स्पायडर-मॅन निपचित पडतो.

जो उठतो त्याला प्रश्न पडतो: मीच क्लोन असलो तर? १५० आणि १५१व्या अंकांत तो कर्ट कॉनर्स या शास्त्रज्ञाकडून तपासणी करून घेतो, पण निकाल न वाचताच फेकून देतो. त्याचं म्हणणं असं: माझं मन मेरी जेनकडे (ग्वेननंतरची पीटरची प्रेयसी, पुढे बायको) धावतंय, क्लोन असतो तर मला ग्वेनच आठवली असती, म्हणजे मीच पीटर. मग तो दुसऱ्याचा देह एका धुराड्यात टाकतो. १९७५साठी हा शेवट पुरेसा होता. पण तो न वाचलेला निकाल आणि डोळ्यांनी न पाहिलेलं दहन, या दोन फटी उघड्याच राहिल्या. १९९४च्या लेखकांनी बरोबर त्यांतूनच प्रवेश केला.

मग तो वाचला कसा? मधल्या काळात कुठे होता?

तो धुराड्यात शुद्धीवर आला, कसाबसा बाहेर पडला आणि पीटरच्या घरी पोचला. खिडकीतून त्याने पीटर आणि मेरी जेनला एकत्र पाहिलं. या आयुष्यात आपल्याला जागा नाही हे त्याला कळलं आणि पीटरचे जुने कपडे घेऊन तो शहर सोडून गेला.

कथेच्या हिशेबात त्यानंतर पाच वर्षं जातात. या पाच वर्षांवर ‘स्पायडर-मॅन: द लॉस्ट इयर्स’ ही तीन अंकांची मालिका आहे (१९९५, लेखक जे. एम. डीमॅटिस, चित्रं जॉन रोमिता ज्युनिअर). बेन सॉल्ट लेक सिटीत असतो. जॅनिन गॉडबी म्हणून राहणाऱ्या एका मुलीवर त्याचं प्रेम जडतं. तिचं खरं नाव एलिझाबेथ टाइन, आणि अत्याचार करणाऱ्या बापाचा खून करून ती पळालेली असते. खोट्या नावाने जगणारी दोन माणसं एकमेकांना सापडतात. याच काळात शास्त्रज्ञ सेवर्ड ट्रेनर बेनला आधार देतो.

आमचं ठाम मत असं की बेनला समजून घ्यायचं तर हे तीन अंक कुठल्याही मोठ्या ‘उलगड्या’पेक्षा महत्त्वाचे आहेत. पीटरच्या आठवणी त्याला आयत्या मिळाल्या, पण ही पाच वर्षं त्याने स्वतः काढली. तो क्लोन ठरो वा मूळ, ती वर्षं कोणी काढून घेऊ शकत नाही. पुढच्या लेखकांपैकी ज्यांनी हे ध्यानात ठेवलं त्यांच्या हातून बेन चांगला उतरला. ज्यांनी विसरलं त्यांच्या हातून तो नुसता कोड्याचा तुकडा झाला.

स्कार्लेट स्पायडर हे नाव आणि तो हूडीवाला पोशाख कुठून आला?

मेकाकूंना पक्षाघात झाल्याचं कळून बेन न्यू यॉर्कला परततो. १९९४च्या शरदातल्या अंकांत आधी त्याची सावली दिसते, मग तो पीटरसमोर उभा राहतो. पोशाख ‘वेब ऑफ स्पायडर-मॅन’च्या ११८व्या अंकात येतो (नोव्हेंबर १९९४). व्हेनम हा खलनायक मोकाट सुटलेला असतो आणि बेनला हात बांधून बसणं जमत नाही. तो लाल रंगाचा अंगाबरोबर बसणारा पोशाख घालतो आणि संग्रहालयाच्या दुकानात मिळालेला बिनबाह्यांचा निळा हूडी वर चढवतो. पोशाखाची रचना टॉम लाइल यांची. ‘स्कार्लेट स्पायडर’ हे नाव डेली बगलचा पत्रकार केन एलिस देतो, आणि बेनला ते मुळीच आवडत नाही.

शस्त्रांतही त्याने स्वतःची भर घातली. त्याचे जाळं फेकणारे पट्टे मनगटावर, पोशाखाच्या बाहेरून असतात. त्यातून साध्या जाळ्याशिवाय ‘इम्पॅक्ट वेबिंग’ सुटतं: ही छोटी गोळी आदळली की फुटते आणि समोरच्याला सगळीकडून गुंडाळते. तिसरा प्रकार ‘स्टिंगर’, म्हणजे बधिर करणाऱ्या बारीक सुया. पीटरकडे हे नव्हतं.

शेवटी खरा कोण, पीटर की बेन?

आजचं अधिकृत उत्तर: पीटर मूळ, बेन क्लोन. पण या उत्तरापर्यंत पोचताना दिशा दोनदा बदलली, म्हणून क्रम नीट पाहा.

१९७५ ते १९९५: पीटर मूळ समजला जातो.

‘स्पेक्टॅक्युलर स्पायडर-मॅन’ २२६ (जुलै १९९५): ट्रेनरच्या तपासणीत बेन मूळ आणि पीटर क्लोन ठरतो. १९७५पासून वाचलेल्या सगळ्या अंकांचा नायक क्लोन होता, असं वाचकांना सांगण्यात आलं. धक्क्याने बेभान झालेल्या पीटरचा हात त्या वेळी गरोदर असलेल्या मेरी जेनवर उठतो. ती चौकट अनेक वाचकांनी अजून माफ केलेली नाही, आणि आम्हालाही ती पात्राशी विसंगत वाटते.

त्यानंतर ‘मॅक्झिमम क्लोनेज’ ही कथा (ऑगस्ट १९९५). ती संपल्यावर काही काळाने पीटर आणि मेरी जेन ओरेगॉनमधल्या पोर्टलंडला जातात आणि बेन मागे उरतो. नोव्हेंबर आणि डिसेंबर १९९५मध्ये स्पायडर-मॅनच्या मालिकांची नावंच बदलून ‘अमेझिंग स्कार्लेट स्पायडर’ वगैरे झाली. ‘सेन्सेशनल स्पायडर-मॅन’च्या शून्य क्रमांकाच्या अंकात (जानेवारी १९९६, डॅन जर्गन्स) केस सोनेरी रंगवलेला बेन नव्या पोशाखात अधिकृतपणे स्पायडर-मॅन होतो. तो ‘डेली ग्राइंड’ नावाच्या कॉफीच्या दुकानात नोकरी करतो. तिथेच जेसिका कॅराडाइन भेटते. ती बेनकाकांना मारणाऱ्या चोराची मुलगी, आणि स्पायडर-मॅननेच आपल्या बापाचा जीव घेतला असं मानणारी. या काळातली ही उपकथा सगळ्यांत दमदार आहे.

‘पीटर पार्कर: स्पायडर-मॅन’ ७५ (डिसेंबर १९९६): मेला असं समजलेला नॉर्मन ऑसबॉर्न, म्हणजे ग्रीन गॉब्लिन, जिवंत असल्याचं आणि तपासणीचे निकाल त्यानेच फिरवल्याचं कळतं. बेन मरतो, त्याच्या देहाची क्लोनसारखी माती होते आणि प्रश्न मिटतो.

एवढी उलटसुलट का केली?

मार्व्हलच्या कचेरीत जे चाललं होतं त्यामुळे. विवाहित, लवकरच बाप होणारा पीटर गोष्टी पुढे नेण्यात अडसर ठरतोय, असं संपादकांना वाटत होतं. क्लोनला परत आणण्याची कल्पना लेखक टेरी कॅव्हना यांनी बैठकीत मांडली. त्या वेळी गटाचे संपादक डॅनी फिंगरोथ आणि मुख्य संपादक टॉम डीफाल्को होते. गोष्ट मर्यादित काळात आटपायची होती.

मग दोन गोष्टी झाल्या. पहिली, अंक खपू लागले, म्हणून विक्री विभागाला कथा लांबवायची होती. उत्तर देण्याऐवजी नवे प्रश्न आणि नवी गूढ पात्रं येत गेली: ज्युडास ट्रॅव्हलर, स्क्रायर, स्पायडरसाइड, गॉन्ट. प्रत्येकाचा आरंभ जोरदार, शेवट मात्र घाईचा. दुसरी, डीफाल्को १९९४मध्ये पदावरून गेले आणि मार्व्हलने एका मुख्य संपादकाऐवजी पाच नेमले, मालिकांच्या एकेका गटाला एक. काही काळाने ही पद्धत मोडून सगळा कारभार बॉब हॅरस यांच्याकडे आला. प्रत्येक बदलाबरोबर कथेचं ठरलेलं टोक हललं. २७ डिसेंबर १९९६ला कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. म्हणजे बेनच्या मृत्यूचा अंक कंपनीच्या सर्वांत कठीण दिवसांत बाजारात आला.

एकाच वेळी चार मासिकं, चार लेखक आणि दर आठवड्याला पुढचा भाग, अशी ती व्यवस्था होती. एकाने पेरलेला धागा दुसऱ्याने उचलेपर्यंत वरचा निर्णय बदललेला असे. वाचताना कुठे कथा अचानक वळण घेते किंवा एखादं पात्र नाहीसं होतं, तिथे बहुतेक वेळा हेच कारण आहे.

बेनचा मृत्यू नक्की कसा झाला?

‘रेव्हलेशन्स’ या चार भागांच्या कथेत. वाचनक्रम असा: ‘स्पेक्टॅक्युलर’ २४०, ‘सेन्सेशनल’ ११, ‘अमेझिंग’ ४१८ आणि ‘पीटर पार्कर: स्पायडर-मॅन’ ७५. मेरी जेनचं बाळ जन्मतःच हिरावलं जातं. पीटर जायबंदी असताना नॉर्मन आपलं ग्लायडर, म्हणजे उडतं वाहन, त्याच्यावर सोडतो आणि बेन मध्ये उडी घेतो. ग्लायडरची पाती त्याच्या पाठीत शिरतात. लेखन हॉवर्ड मॅकी, चित्रं पुन्हा जॉन रोमिता ज्युनिअर.

देहाची माती होणं हा पुरावा कथेत आधीपासून पेरलेला होता. जॅकलचे सदोष क्लोन पेशी झिजून असेच कोसळतात. नॉर्मनने हे सगळं कसं घडवलं त्याचा खुलासा ‘द ऑसबॉर्न जर्नल’ या एका अंकात आहे (फेब्रुवारी १९९७). तो वाचला नाही तर बऱ्याच गाठी सुटत नाहीत.

केन कोण? तोही स्कार्लेट स्पायडरच ना?

केन हा पीटरचा बेनच्याही आधी केलेला क्लोन. तो बिघडला. पेशी झिजू लागल्या, चेहरा विद्रूप झाला, शक्ती मात्र वाढली. जॅकलने त्याला टाकून दिलं. ‘वेब ऑफ स्पायडर-मॅन’ ११९मध्ये (डिसेंबर १९९४) तो पहिल्यांदा येतो. तळहाताने जाळून तो बळीच्या चेहऱ्यावर खूण सोडतो. ‘स्पेक्टॅक्युलर’ २२१मध्ये त्याने डॉक्टर ऑक्टोपस या खलनायकाला ठार केलं. सॉल्ट लेक सिटीत त्याने लुईझ केनेडी या पोलिस अधिकारी स्त्रीचा जीव घेतला आणि बोटांचे ठसे जुळले म्हणून खटला पीटरवर चालला.

पुढे २०१०च्या ‘ग्रिम हंट’मध्ये पीटरच्या जागी तो बळी गेला, मग परत आला. २०११च्या ‘स्पायडर-आयलंड’मध्ये त्याची झीज थांबली. २०१२मध्ये क्रिस योस्ट आणि रायन स्टेगमन यांनी त्याला टेक्ससमधल्या ह्यूस्टनला नेऊन ‘स्कार्लेट स्पायडर’ ही त्याची मालिका काढली. त्यामुळे दुकानात या नावाचं पुस्तक दिसलं तर साल पाहा. १९९०च्या दशकातला आणि २०१७चा बेन, २०१२ ते २०१३चा केन. चूक इथेच सर्वांत जास्त होते.

क्लोनला आठवणी कशा मिळतात? विज्ञानात हे शक्य आहे का?

नाही. क्लोन म्हणजे जनुकं सारखी असलेला जीव, वयाने लहान असलेलं जुळं भावंडच. आठवणी मेंदूतल्या जोडण्यांत असतात, त्वचेच्या पेशीत नसतात. शिवाय क्लोन बाळ म्हणूनच जन्मतो, विशीतला तरुण म्हणून टाकीतून बाहेर येत नाही. वॉरनची पद्धत ही कथेतली सवलत आहे आणि ती मान्य केल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

बेडकाचा उल्लेख मात्र हवेतला नाही. जॉन गर्डन यांनी १९६२मध्ये बेडकाच्या पेशीकेंद्रापासून बेडूक वाढवल्याचं प्रसिद्ध केलं होतं, आणि १९७५च्या वाचकाला क्लोनिंग म्हटलं की तोच आठवायचा. डॉली मेंढी ५ जुलै १९९६ला जन्मली आणि जगाला ते फेब्रुवारी १९९७मध्ये कळलं. बेनच्या मृत्यूचा अंक या दोन तारखांच्या मधला आहे. डॉलीसाठी २७७ पेशी जुळवल्या गेल्या आणि त्यातून ती एकटी वाढली. क्लोन मोठ्या प्रमाणावर फसतात, ही कॉमिक्समधली गोष्ट खऱ्या प्रयोगशाळेशी जुळते.

केनच्या ठशांचं मात्र जमत नाही. बोटांवरच्या रेषा गर्भात वाढताना आजूबाजूच्या परिस्थितीनुसार घडतात, म्हणून एकाच बीजापासून झालेल्या जुळ्यांचेही ठसे वेगळे असतात. खऱ्या न्यायालयात पीटर त्या पुराव्यावर अडकला नसता.

ग्वेनच्या क्लोनचं पुढे काय झालं?

१४९व्या अंकाच्या शेवटी ती स्वतःचं आयुष्य शोधायला निघून जाते. १९८८च्या ‘स्पेक्टॅक्युलर’च्या आठव्या वार्षिक अंकात मार्व्हलने एक घोळ घातला: वॉरनने क्लोन केलेच नव्हते, जॉइस डेलेनी नावाच्या मुलीला विषाणूने ग्वेनसारखं केलं होतं, असा दावा हाय इव्होल्युशनरी या पात्राने केला. बेनला परत आणायचं तर हे पुसणं भाग होतं. ‘स्कार्लेट स्पायडर अनलिमिटेड’ या अंकात तो दावा खोटा ठरवला. जुन्या लेखांत जॉइस डेलेनीचं नाव दिसलं तर ते रद्द झालेलं समजा.

बेन परत आला ना?

आला. ‘डेड नो मोअर: द क्लोन कॉन्स्पिरसी’मध्ये (२०१६, लेखक डॅन स्लॉट). जॅकलने त्याला पुन्हा जिवंत केलं, मारलं, पुन्हा जिवंत केलं, असं वारंवार. त्यातून मन मोडलेला बेन स्वतःच नवा जॅकल होतो आणि ‘न्यू यू’ ही कंपनी काढून मेलेल्यांना परत आणू लागतो. परत आलेल्या प्रत्येकाला रोज एक गोळी घ्यावी लागते, ती चुकली की झीज सुरू. त्याचा हेतू प्रामाणिक होता, म्हणूनच ते वाचायला जड जातं.

त्यानंतर पीटर डेव्हिड यांची ‘बेन रायली: द स्कार्लेट स्पायडर’ (२०१७ ते २०१८, २५ अंक). विद्रूप चेहऱ्याचा बेन लास व्हेगासमध्ये असतो आणि कसिनोची मालकीण कसांड्रा मर्क्युरीच्या आजारी मुलीला वाचवायची धडपड करतो. सुरुवातीच्या अंकांत मार्क बॅग्ली यांची चित्रं आहेत. १९९६चा बेनचा स्पायडर-मॅन पोशाखही त्यांनीच रेखला होता.

आणि कॅझम?

‘अमेझिंग’च्या २०१८ला सुरू झालेल्या मालिकेत ७५ ते ९३ हे अंक (२०२१ ते २०२२) ‘बियॉन्ड’ या नावाने ओळखले जातात. पीटर इस्पितळात बेशुद्ध असतो. बियॉन्ड कंपनी बेनला पगार, पोशाख आणि प्रशिक्षण देऊन स्पायडर-मॅन करते आणि जॅनिनलाही त्याच्याकडे आणून देते. त्याची किंमत म्हणून त्याच्या आठवणी पुसत जाते. बेनकाका गेले, मेकाकू गेल्या, सगळंच गेलं. ९३व्या अंकात तो कॅझम या खलनायकाच्या रूपात बाहेर पडतो. ‘डार्क वेब’मध्ये तो मॅडेलिन प्रायरच्या साथीने पीटरवर चालून येतो. मॅडेलिन स्वतः ‘एक्स-मेन’मधल्या जीन ग्रेचा क्लोन आहे, त्यामुळे ही जोडी निवडणं अगदी योग्य होतं.

अनेक जुन्या वाचकांना कॅझम पटत नाही आणि आम्हीही त्यांच्यातच आहोत. आठवणी गेल्यावर माणूस रागावेल, हे खरं. पण पीटरच्या आठवणी गेल्या तरी सॉल्ट लेक सिटीतली पाच वर्षं बेनची स्वतःची होती, आणि जॅनिन तर त्याच्या शेजारीच उभी होती. कथेने त्या भांडवलाला हातच लावला नाही. उलट डीमॅटिस यांनी २०२२मध्येच लिहिलेली ‘बेन रायली: स्पायडर-मॅन’ ही पाच अंकांची मालिका १९९६च्या काळात जाते आणि तोच जुना, जखमी पण भला बेन दाखवते. कॅझमने मन खट्टू झालं असेल तर ती वाचा.

चित्रात बेन आहे, पीटर आहे की केन, हे कसं ओळखायचं?

निळा, बिनबाह्यांचा हूडी आणि त्यावर मोठा काळा कोळी, कमरेला व घोट्याजवळ लहान कप्पे: १९९४-९५चा बेन. छातीवरच्या मोठ्या कोळ्याचे पाय खांद्यांवरून पाठीकडे गेलेले आणि मनगटावर बाहेरून जाळ्याचे पट्टे: १९९६चा स्पायडर-मॅन, म्हणजे बेन. लाल-काळा, हूडी नसलेला पोशाख: २०१२चा केन. मुखवट्याशिवाय सोनेरी केस असतील तर बेन. पोशाख शिवून घेणाऱ्यांची नेहमीची चूक अशी की हूडीला बाह्या ठेवतात किंवा पट्टे लाल बाहीच्या आत लपवतात. पट्टे बाहेर दिसलेच पाहिजेत.

मुंबईचा पवित्र प्रभाकरही क्लोन आहे का?

नाही. २००४च्या ‘स्पायडर-मॅन: इंडिया’ या चार अंकांच्या मालिकेत गावाकडून मुंबईत आलेला पवित्र दुसऱ्या विश्वातला स्पायडर-मॅन आहे. त्याला शक्ती एका योग्याकडून मिळते, त्याचं कुटुंब (भीमकाका, मायाकाकू) त्याचं स्वतःचं आहे. समांतर विश्वातला जोडीदार आणि क्लोन यांत हाच फरक: पवित्रचं बालपण त्याचंच असतं, बेनचं पीटरकडून आलेलं. २०२३च्या अ‍ॅनिमेशनपटात दोघेही दिसतात, म्हणून घोळ होतो. त्यात बेनला अँडी सॅम्बर्गचा आवाज आहे आणि त्याचा उदास स्वभाव विनोदासाठी वापरला आहे. कॉमिक्समधला बेन तेवढा एकसुरी नाही.

कुठून सुरुवात करावी?

वेळ कमी असेल तर एवढंच, याच क्रमाने: ‘अमेझिंग’ १४३ ते १५१, ‘द लॉस्ट इयर्स’चे तीन अंक, ‘वेब’ ११८ आणि ११९ व त्यांच्या सोबतचे ‘स्पायडर-मॅन’ ५२ आणि ५३ (व्हेनमची कथा), ‘अमेझिंग’ ४००, ज्यात मेकाकूंचा मृत्यू आहे (पुढे ती तोतया नटी होती असं ठरवलं, पण अंकाचं बळ त्याने कमी होत नाही), ‘सेन्सेशनल’ शून्य, आणि ‘रेव्हलेशन्स’.

सगळं हवं असेल तर ‘द कम्प्लीट क्लोन सागा एपिक’चे पाच खंड आणि त्यापुढे ‘द कम्प्लीट बेन रायली एपिक’चे सहा. एकेका मासिकाचे अंक वेगळे काढून वाचू नका. कथा दर आठवड्याला मासिक बदलते आणि चारांतले तीन तुकडे हातातून निसटतात. आणखी एक अडचण: ‘अमेझिंग’ ४०६ (ऑक्टोबर १९९५) आणि ४०७ (जानेवारी १९९६) हे क्रमांक लागोपाठ असले तरी मध्ये दोन महिने आहेत. ती जागा ‘अमेझिंग स्कार्लेट स्पायडर’च्या दोन अंकांची.

२००९ची ‘स्पायडर-मॅन: द क्लोन सागा’ ही सहा अंकांची मालिका याचा भाग नाही. डीफाल्को आणि मॅकी यांनी कथा मुळात कशी घडू शकली असती ते तिथे वेगळ्या वाटेने सांगितलं आहे. आधी मूळ वाचा, मग ती.

जुने अंक विकत घेताना काय पाहावं?

१४९वा अंक महाग आहे, १९९४-९६चे बहुतेक स्वस्त, कारण ते भरमसाट छापले गेले. १९७०च्या दशकाच्या मध्यातल्या अनेक मार्व्हल अंकांत वाचकांच्या पत्रांच्या पानावर कापून घ्यायचं ‘व्हॅल्यू स्टँप’ असे. ते कापलेलं असेल तर किंमत खूप पडते, म्हणून पैसे देण्याआधी आतली सगळी पानं मोजा. फोटोवरून घेत असाल तर त्या पानाचा फोटो मागा. मधल्या पानांची जोडी पिनांपासून सुटलेली नाही ना, हेही विचारा.

१९९४च्या पुनरागमनाचे काही अंक चकचकीत फॉइलच्या मुखपृष्ठासह आणि साध्या मुखपृष्ठासह असे दोन्ही निघाले. फॉइलचे कोपरे आणि कणा पटकन झिजतात आणि बोटांचे डाग उठून दिसतात. ४००व्या अंकाचं राखाडी, उठावाचं मुखपृष्ठ थडग्याच्या दगडासारखं केलं आहे. ढिगात दाबून ठेवलं तर त्याचा उठाव बसतो, म्हणून ते पाठीला पुठ्ठा लावून उभं ठेवा. दमट हवेत, विशेषतः कोकण किनाऱ्यावर आणि मुंबईत, पावसाळ्याआधी पिशव्या बदला आणि अंक लोखंडी कपाटात भिंतीपासून दूर ठेवा, कारण पिना गंजल्या की डाग पानांत उतरतो आणि तो निघत नाही.